नाव नको, शब्द शोधा: ‘फाउंडर्स ऑनलाइन’ची गोव्यातून केलेली पारख

राज्यशास्त्राच्या पुस्तकात एक वाक्य ठरलेले असते: अमेरिकेच्या राज्यघटनेवर लॉक, माँटेस्क्यू आणि रूसो या युरोपीय तत्त्वज्ञांच्या विचारांचा प्रभाव पडला. उत्तरपत्रिकेत ते उतरवले की दोन गुण पदरात पडतात आणि विषय मिटतो. कोणाचा प्रभाव, कोणावर, कुठल्या साली, कुठल्या ओळीत, असे विचारले की पुस्तक गप्प. याचा छडा लावायचा तर पणजी-मडगावच्या वाचकाला पूर्वी परदेशी विद्यापीठांचे जाडजूड, खिशाला न परवडणारे खंड धुंडाळण्यावाचून इलाज नव्हता. तेच खंड आता ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेला बरोबर घेऊन २०१३ साली हे सुरू केले. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफर्सन, मॅडिसन आणि हॅमिल्टन ही अमेरिकेचे संस्थापक म्हणून गणली जाणारी सहा माणसे सुरुवातीपासून आहेत, जॉन जे मागाहून आले. पत्रे, भाषणे, मसुदे, टाचणे मिळून १,८०,००० हून जास्त कागद. नाव नोंदवावे लागत नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. पान जवळजवळ सगळे अक्षरांचे, म्हणून काणकोण-सांगेच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही उघडते आणि मोबाइलवर वाचता येते. लांब पत्राच्या तळटीपा मात्र मोबाइलवर वाचणे म्हणजे बोटाला व्यायाम. त्यासाठी संगणक बरा.

वापरणारे पहिल्या पाच मिनिटांत कुठे फसतात ते आधी सांगतो. शोधाच्या चौकटीत तत्त्वज्ञाचे नाव टाकायचे, किती निकाल आले ते मोजायचे आणि त्यावरून कोणाचा प्रभाव मोठा हे ठरवायचे. ही पद्धत साफ चुकीची आहे.

लॉकचेच घ्या. त्या काळी स्पेलिंगला धरबंध नव्हता. शेवटचा ‘ई’ गाळून शोधलात तर बंदुकीचे चाप, दारांची कुलपे आणि पोटोमॅक नदीच्या कालव्याचे दरवाजे धाडधाड समोर येतात, कारण वॉशिंग्टनला कालव्यांत फार रस होता. ‘ई’ ठेवून शोधलात तर नॉर्थ कॅरोलायनाचा मॅथ्यू लॉक नावाचा प्रतिनिधी मध्येच उभा राहतो. सिडनी हे नाव ‘आय’ने लिहिलेले सापडते आणि ‘वाय’नेही. त्यातला एक १६८३ मध्ये फाशी… नव्हे, शिरच्छेद झालेला प्रजासत्ताकवादी लेखक अल्जर्नन, तर दुसरा ब्रिटिश मंत्री लॉर्ड सिडनी. अ‍ॅडम स्मिथसाठी नुसते ‘स्मिथ’ टाकण्याचा विचारही करू नये. माँटेस्क्यू आणि इटालियन विचारवंत बेकारिया ही नावे त्यामानाने सोज्वळ, पण शेवटी ‘ओयू’ असलेला माँटेस्क्यू दिसला तर तो फ्रेंच सेनापती आहे की चुकीच्या स्पेलिंगमधला आपला तत्त्वज्ञ, हे पत्र उघडून पाहावे लागते. त्यात शोध तळटीपांतही फिरतो. मॅडिसनच्या पत्रात लॉक सापडला म्हणून हरखून जावे, तर तो विसाव्या शतकातल्या संपादकाने टीपेत लिहिलेला निघतो.

म्हणून नाव नको, शब्दप्रयोग शोधा. तीन-चार शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, बाजूच्या यादीतून लेखक आणि कालखंड निवडा, निकाल तारखेप्रमाणे लावा. मग हे साधन खरे काय करू शकते ते दिसू लागते.

‘लाँग ट्रेन ऑफ अब्यूजेस’ हे चार शब्द घेऊन करून पाहा. लॉकचे राज्यशासनावरचे दोन निबंध १६८९ च्या अखेरीस निनावी छापून आले, मुखपृष्ठावर साल १६९०. त्यातल्या दुसऱ्या निबंधाच्या २२५ व्या परिच्छेदात तो म्हणतो की राज्यकर्त्याच्या बारीकसारीक चुका लोक सोसतात, पण एकाच दिशेने जाणारी अत्याचारांची लांबलचक रांग दिसली की उठतात. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हेच चार शब्द, हाच युक्तिवाद, वाक्याची चालही तीच. लॉकचे नाव मात्र जाहीरनाम्यात कुठेच नाही. नावाने शोधणाऱ्याच्या हाताला हा सर्वांत भक्कम पुरावा लागलाच नसता.

याच कागदपत्रांत जेफर्सनचा मूळ कच्चा मसुदा आहे. त्याला किमान अर्धा तास द्या. ‘ही सत्ये आम्ही स्वयंसिद्ध मानतो’ या ओळीत आधी ‘पवित्र आणि निर्विवाद’ असे शब्द होते. देवघरातली भाषा खोडून भूमितीची भाषा आली. खोडणारा हात कोणाचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुढे जीवित आणि स्वातंत्र्य यांच्यानंतर लॉकच्या परिचित यादीप्रमाणे मालमत्ता यायला हवी, तिथे येतो ‘सुखाचा शोध’. हे जेफर्सनचे एकट्याचे डोके, असे अनेक जण लिहितात. ते घाईचे आहे. जॉर्ज मेसनने लिहिलेला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा १२ जून १७७६ ला मंजूर झाला आणि त्यात मालमत्ता मिळवणे व सुख मिळवणे ही दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. सुखाच्या पाठलागाची भाषा खुद्द लॉकच्याच मानवी आकलनावरच्या ग्रंथातही आहे. मेसन हा या संकेतस्थळाच्या सात जणांत नाही, म्हणून त्याचा मजकूर शोधाच्या निकालात आपण होऊन समोर येईल, अशी आशा धरू नये. मसुद्यात आणखी खाली गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला धारेवर धरणारा एक लांब परिच्छेद आहे. काँग्रेसने तो काढून टाकला. ज्याने तो लिहिला त्याच्याकडे स्वतःचे गुलाम होते. हा परिच्छेद वगळून ‘प्रबोधनाचा प्रभाव’ शिकवणारे पुस्तक अर्धे आहे.

जाहीरनाम्यातले विचार आले कुठून, यावर जेफर्सननेच म्हातारपणी, ८ मे १८२५ च्या पत्रात हेन्री लीला सांगून ठेवले आहे: नवे काही शोधायचे नव्हते, त्या काळच्या अमेरिकी मनात जे होते ते मांडायचे होते. आधार म्हणून तो चार नावे देतो, अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, लॉक, सिडनी. दोन प्राचीन, दोन इंग्रज. रूसो नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या ठरलेल्या वाक्याचा तिसरा खांब इथेच डगमगतो.

माँटेस्क्यूचा मामला वेगळा आहे. तो नाव घेऊन येतो, मोठ्या मानाने येतो आणि त्याच्यावरच वाद पेटतो. त्याचा कायद्यांच्या मर्मावरचा ग्रंथ १७४८ मध्ये जिनिव्हात छापला गेला, टॉमस न्यूजंटने केलेले इंग्रजी भाषांतर १७५० चे. अकराव्या भागाच्या सहाव्या प्रकरणात इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेच्या निमित्ताने तो सांगतो की कायदा करणे, तो राबवणे आणि निवाडा करणे एकाच हाती गेले की स्वातंत्र्य संपले. गोव्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. देवस्थानाच्या पेटीच्या किल्ल्या एकाच महाजनाकडे ठेवत नाहीत, अध्यक्ष वेगळा, खजिनदार वेगळा, ते का, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावे.

१७८७-८८ मध्ये नव्या घटनेचे विरोधक हेच प्रकरण हातात घेऊन ओरडत होते: तुमच्या घटनेत सिनेट कायदेही करते आणि राष्ट्राध्यक्षाच्या नेमणुकांना संमतीही देते, मग विभागणी राहिली कुठे? मॅडिसनचे उत्तर म्हणजे नव्या घटनेच्या बाजूने हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेतला ४७ वा लेख, ३० जानेवारी १७८८. हा लेख इथे टीपांसह आहे आणि सबंध साइटवरचे एकच पान वाचायचे ठरवले तर ते हेच असावे. मॅडिसन म्हणतो, या विषयात सगळे ज्याचा हवाला देतात तो देववाणीसारखा माणूस म्हणजे माँटेस्क्यू, ठीक, मग तो जिथून शिकला ते पाहू. महाकाव्यावर लिहिणाऱ्यांसाठी होमर जसा, तशी माँटेस्क्यूसाठी इंग्लंडची व्यवस्था. आणि त्या इंग्लंडात तर तिन्ही सत्ता एकमेकींत गुंतलेल्या आहेत! तेव्हा एका अंगाची सबंध सत्ता दुसऱ्या अंगाची सबंध सत्ता बाळगणाऱ्यांच्या हाती जाऊ नये, एवढाच त्याच्या म्हणण्याचा अर्थ. मग तो एकेका राज्याची घटना काढून दाखवतो की विभागणीची शपथ घेणाऱ्यांनीही भेसळ केलेलीच आहे. तत्त्वज्ञ वाचायचा कसा, याचा हा नमुना आहे. पूजा नाही, अवहेलनाही नाही, मजकुराची उलटतपासणी.

इथे एक ठेच लागते ती भाषेची. मॅडिसन सरकारच्या तीन अंगांना ‘डिपार्टमेंट’ म्हणतो. आजच्या सवयीने त्याचे ‘खाते’ केले की सार्वजनिक बांधकाम आणि वाहतूक खाते डोळ्यांपुढे येते आणि सगळा युक्तिवाद कोसळतो. ‘सत्ता-अंग’ किंवा सरळ ‘अंग’ म्हणा. तसेच ‘फॅक्शन’. दहाव्या लेखात त्याची व्याख्याच दिली आहे: इतरांच्या हक्कांना किंवा सर्वांच्या हिताला बाधक अशा एखाद्या भावनेने वा स्वार्थाने एकत्र आलेले लोक, मग ते थोडे असोत की बहुसंख्य. ‘पक्ष’ हा शब्द तिथे पुरा पडत नाही, ‘तट’ जवळ जातो.

दहाव्या लेखावर (२२ नोव्हेंबर १७८७) साधनाची दुसरी मर्यादा उघडी पडते. प्रजासत्ताक लहान मुलखातच टिकते हे माँटेस्क्यूचे मत विरोधकांच्या भात्यातला मुख्य बाण होता. हॅमिल्टनने आदल्याच दिवशीच्या नवव्या लेखात माँटेस्क्यूचीच संयुक्त प्रजासत्ताकाची कल्पना पुढे करून तो बाण परतवला. मॅडिसनने दहाव्यात डावच उलटा केला: मुलूख जितका मोठा तितके तट जास्त, आणि जितके तट जास्त तितकी एकाची दांडगाई कमी. हा विचार स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या आदर्श राज्यावरच्या १७५२ च्या निबंधाशी किती जुळतो, हे डग्लस अ‍ॅडेअर या इतिहासकाराने १९५७ मध्ये दाखवून दिले. पण दहाव्या लेखात ह्यूमचे नाव शोधाल तर हाती काही लागत नाही. ह्यूमचे नाव घेतो तो हॅमिल्टन, अगदी शेवटच्या ८५ व्या लेखात. आणि ज्यांना ही उत्तरे दिली जात होती ते ‘ब्रूटस’सारख्या टोपणनावाने लिहिणारे विरोधक या साइटच्या सात जणांत नाहीत. एका बाजूच्या वकिलाचे भाषण ऐकून निकाल लिहिण्यासारखे होते. विरोधकांचे लेख बाहेरून मिळवून शेजारी ठेवायलाच हवेत.

फेडरलिस्ट वाचताना आणखी एक गोंधळ. काही लेख हॅमिल्टनने लिहिले की मॅडिसनने, यावर दीर्घकाळ वाद होता. म्हणून ५१ व्यासारखा लेख हॅमिल्टनच्या खंडांतही आहे आणि मॅडिसनच्याही. एकाच्या शीर्षकात ‘नंबर’ पूर्ण लिहिलेले, दुसऱ्यात त्याचा संक्षेप. दोन निकाल म्हणजे दोन लेख नव्हेत. मोजणी करणाऱ्यांनी ही दुबार नोंद वजा करावी, पण वाचताना दोन्ही उघडावेत, कारण संपादक वेगळे आणि टीपाही वेगळ्या.

मोजणीच हवी असेल तर ती आधीच झालेली आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक डोनाल्ड लुट्झ यांनी १७६० ते १८०५ मधल्या अमेरिकी राजकीय लिखाणातले संदर्भ मोजून १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. युरोपीय विचारवंतांत माँटेस्क्यू ८.३ टक्के, कायदेपंडित ब्लॅकस्टोन ७.९, लॉक २.९, ह्यूम २.७. या सगळ्यांवर कडी करते बायबल, ३४ टक्के. लॉकचा भर क्रांतीच्या आधीच्या वर्षांत, माँटेस्क्यूचा घटना बनताना. ते साहजिक आहे: राजाला नाकारताना लॉक लागतो, घर बांधताना माँटेस्क्यू. ब्लॅकस्टोनकडे आपल्याकडचे लेखक ढुंकून पाहत नाहीत, पण फेडरलिस्टचा ८४ वा लेख उघडा, विनाचौकशी कोठडीच्या मुद्द्यावर हॅमिल्टन त्याचाच आधार घेतो. वकिलीच्या विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.

बेकारियासाठी अ‍ॅडम्सचे कायदाविषयक कागद पाहा. बॉस्टनमध्ये जमावावर गोळ्या झाडणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचे वकीलपत्र घेऊन अ‍ॅडम्स डिसेंबर १७७० मध्ये कोर्टात उभा राहिला तेव्हा त्याने सुरुवातच बेकारियाच्या वाक्याने केली. गुन्हे आणि शिक्षा यांवरचे ते इटालियन पुस्तक १७६४ चे, इंग्रजीत १७६७ मध्ये आलेले. म्हणजे तीन-चार वर्षांत समुद्र ओलांडून थेट खटल्यात. जेफर्सनने त्याच पुस्तकातले उतारे आपल्या वहीत इटालियनमध्ये उतरवून घेतले. एवढे झाले तरी क्रूर शिक्षांना बंदी घालणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीचे शब्द बेकारियाचे नाहीत, ते १६८९ च्या इंग्लंडच्या हक्कांच्या कायद्यातले आहेत. वातावरण एकाने तयार केले, वाक्य दुसरीकडून आले. असे वारंवार होते.

तारखेप्रमाणे लावून वाचण्याचा खरा फायदा जेफर्सनमध्ये दिसतो, कारण तो मत बदलतो. १५ फेब्रुवारी १७८९ ला तो ट्रंबुल या चित्रकाराकडे बेकन, लॉक आणि न्यूटन यांच्या तसबिरी मागतो, हे तिघे आजवरचे सर्वांत थोर पुरुष म्हणून. ३० मे १७९० ला जावयाला अभ्यासाची यादी देताना लॉकचे शासनावरचे छोटे पुस्तक जेवढे आहे तेवढे परिपूर्ण, पण तत्त्वाकडून व्यवहारात उतरायचे तर फेडरलिस्टहून चांगले पुस्तक नाही, असे सांगतो. माँटेस्क्यूबद्दल तोवर नाराजी सुरू झालेली. १८११ मध्ये तर माँटेस्क्यूचे दोष काढणारे देस्त्यूत द त्रासी या फ्रेंच विचारवंताचे पुस्तक अमेरिकेत छापून आणण्यामागे तोच होता. तसबिरींचा किस्सा त्याने १६ जानेवारी १८११ ला बेंजामिन रशला लिहिला: हॅमिल्टनने भिंतीवरचे हे तिघे कोण म्हणून विचारले आणि उत्तर ऐकून म्हणाला, सर्वांत थोर पुरुष ज्यूलियस सीझर! हॅमिल्टनचा वैरी हे सांगतो आहे, तोही हॅमिल्टन मेल्यानंतर, एवढे ध्यानात ठेवून हसावे.

व्हॉट्सअ‍ॅपी सुभाषिते तपासायला हे साधन नामी आहे. ‘कमीत कमी राज्य करते ते सरकार उत्तम’ हे वाक्य जेफर्सनच्या नावावर सर्रास फिरते. इंग्रजी वाक्य अवतरणात टाकून जेफर्सन निवडला तर त्याच्या लिखाणात ते मिळत नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या एका नियतकालिकाचे ब्रीद, अमेरिकी लेखक थोरोने १८४९ मध्ये गाजवलेले. शोध रिता आला की लगेच ‘खोटे’ म्हणू नये, आधी जुनी स्पेलिंगे आणि दोन शब्दांचा तुकडा करून पाहावा.

उणिवा आणखी आहेत. हस्तलिखितांची छायाचित्रे नाहीत, फक्त उतरवलेला मजकूर. ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ असा शिक्का असलेले कागद पुरते तपासून झालेले नसतात, तिथे टीपांची अपेक्षा ठेवू नये आणि प्रबंधात उद्धृत करताना तसा उल्लेख करावा. फ्रेंच पत्रे कितीतरी ठिकाणी फ्रेंचमध्येच. फिलाडेल्फियातल्या घटनासभेचा (२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७) रोजचा वृत्तांत हवा तर तो इथे नाही. मॅडिसनच्या खंडांत त्याची स्वतःची भाषणे आहेत, जेम्स विल्सन किंवा गूव्हर्नर मॉरिस (‘गूव्हर्नर’ हे नावच, हुद्दा नव्हे) हे इतर सभासद काय म्हणाले ते येल विद्यापीठाच्या ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’वर दिवसवार वाचावे. कलमावरून उलटे मागे जायचे असेल तर शिकागो विद्यापीठाचे ‘फाउंडर्स कॉन्स्टिट्यूशन’ सोयीचे, तेही नेटवर मोफत आहे. त्यात कलम निवडले की त्यामागचे लॉक, माँटेस्क्यू, ब्लॅकस्टोन ओळीने लागतात. विरोधकही तिथे भेटतात. तिन्ही मिळून काम पुरे होते, एकट्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ला पाचपैकी चार.

गोव्याच्या शिक्षकांना एक जोड सुचवतो. ज्या १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती, त्याच साली इथे पोर्तुगीज राजवटीविरुद्धचे पिंटोंचे बंड उघडकीस आले. इथे माँटेस्क्यूची विभागणी कायद्याच्या रूपाने पोचली ती १८२२ च्या पोर्तुगीज घटनेबरोबर, आणि १८२६ च्या सनदेने तीन सत्तांवर राजाची चौथी ‘नियामक’ सत्ता बसवली. म्हणजे तीन किल्ल्या तिघांकडे आणि मुख्य किल्ली राजाच्या कमरेला. ती सनद आणि फेडरलिस्टचा ५१ वा लेख एका तासिकेत शेजारी ठेवता येतात. आणि ज्यांना पोर्तुगीज वाचता येते त्यांनी जेफर्सनच्या कागदांत त्याचा मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि १८१६ ते १८२० पोर्तुगालचा अमेरिकेतला दूत आबे कोर्रेया दा सेर्रा शोधावा. आडनाव जेफर्सन ‘आय’शिवाय, ‘कोर्रेआ’ असे लिहितो. पोर्तुगीज स्पेलिंगने शोधलेत तर त्याची बरीच पत्रे हातची जातात.